डॅनिश बाळाची तीट

१

चित्रातल्या बाळाच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता. प्रदर्शन मांडले तेव्हा तो तिथे नव्हता, हे दालन सांभाळणारी चैत्राली शपथेवर सांगायला तयार होती.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्या लहानशा कलाकेंद्राचे दालन जमिनीच्या पॉलिशसाठी आठवडाभर बंद होते. सप्टेंबरच्या सुरुवातीची लेबर डेची सुट्टी संपल्यावर चैत्रालीने कुलूप उघडले, दिवे लावले, मधल्या काचपेटीवरून फडके फिरवले आणि फडके हातात तसेच धरून ती थबकली. तिने ना पोलिसांना फोन केला, ना केंद्राच्या अध्यक्षांना. तिने फोन केला नीलांबरी देवस्थळींना.

"काकू, आत्ताच्या आत्ता येऊ शकाल? आणि प्लीज, आईला काही बोलू नका."

नीलांबरीचे आयुष्य एका विमा कंपनीत नुकसानीची कारणे शोधण्यात गेले होते. जळालेली स्वयंपाकघरे, मिनेसोटाच्या थंडीत फुटलेले नळ, गारांनी चाळण केलेली छपरे हा तिचा रोजचा व्यवहार. निवृत्त झाल्यावरही तिने आपला नियम सोडला नव्हता: आधी काय झाले ते पाहावे, मग कसे झाले ते शोधावे, कोणी केले हा प्रश्न सर्वांत शेवटी. हा नियम तिने कितीतरी नवशिक्यांकडून घोकून घेतला होता. त्या सकाळी तो तिने स्वतःच मोडला.

कारण पेटीत डोकावताक्षणी तिच्या तोंडून निघून गेले, "अगं बाई, तीट!"

"मीही हेच म्हणाले," चैत्राली हळूच म्हणाली.

चित्र होते तपकिरी छटेच्या कागदावरचे. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा डॅनिश चित्रकाराने ते पेन्सिलीने काढले होते आणि उजेडाच्या जागी पांढऱ्या रंगाचे मोजके स्पर्श दिले होते. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली आई विणता विणता पेंगलेली. मांडीवरचे बाळ मात्र टक्क जागे, थेट बघणाऱ्याकडे बघत असलेले. दालनातली बाकीची चित्रेही आयांचीच होती. पायाने पाळणा हलवत मटार सोलणारी, पाठमोरी बसून दूध पाजणारी, दारात उभी राहून समुद्राकडे पाहणारी. नीलांबरीला एका गोष्टीचे कुतूहल वाटले. यातल्या बहुतेक आयांचे चेहरे झुकलेले किंवा वळलेले होते, पण हात एकूण एक नीट निरखून काढलेले.

"ही सगळी मिसेस मॉर्टेन्सनची," चैत्राली म्हणाली. "त्यांच्या घराण्याची. ही पेंगलेली बाई त्यांच्या पणजीची आई, आणि हे बाळ म्हणजे पणजी. त्यांनी नुसत्या विश्वासावर चित्रं दिली, काकू. शुक्रवारी त्या बघायला येणार आहेत."

"आणि तुला वाटतं की…"

"मला काही वाटायचं नाहीये! पण आमच्या घरात रोज काय चालतं ते तुम्हाला माहितीये."

ते साऱ्या ईडन प्रेरीला माहीत होते. चैत्रालीच्या बाळंतपणासाठी तिची आई शरयूताई सांगलीहून आली होती. चार महिन्यांच्या अनयाला न्हाऊमाखू घातले की शरयूताई काजळाची तीट लावायच्या. चैत्राली ती पुसायची. डॉक्टरांनी काजळात शिसे असते म्हणून बजावले होते. "घरचं काजळ आहे, एरंडेलाच्या दिव्याचं, त्यात कुठलं शिसं?" असे आई म्हणायची आणि लेक दार आपटायची.

तेवढ्यात दालनाचे दार उघडले. बाळाची गाडी ढकलत शरयूताई आत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काचपेटीच्या बरेच अलीकडे त्या थांबल्या.

"मंडळाच्या त्या परीक्षितनं फोन करून विचारलं मला," त्या म्हणाल्या. "उगाच कुणाला धरू नका. ती तीट मी लावलीये."

२

मायलेकी दाराशी हळू आवाजात काही बोलल्या; मग नीलांबरीने शरयूताईंना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवले. समोर पार्किंगमध्ये एका गाडीच्या काचेवर महाराष्ट्र मंडळाचे गणेशोत्सवाचे पत्रक लावलेले दिसत होते. अनया गाडीत झोपली होती. तिच्या गालावर त्या दिवशी काहीही नव्हते.

"कधी लावलीत?"

"दालन बंद व्हायच्या आदल्या दिवशी. चैत्राली पेटीतला दिवा बदलायला आली होती. बाळ भुकेजलं म्हणून मी घेऊन आले. पेटी उघडीच होती."

"मग चैत्रालीनं तुम्हाला पाहिलं नाही?"

"ती… पलीकडे फोनवर होती."

"कुठल्या गालावर लावलीत, ताई?"

शरयूताईंनी झोपलेल्या नातीकडे पाहून उत्तर दिले, "उजव्या. मी नेहमी उजव्याच गालावर लावते."

"आणि का लावलीत?"

"का म्हणजे? इतकं गोजिरं लेकरू, येणारा-जाणारा टक लावून बघतोय. आई बिचारी झोपलेली." मग जरा उसळून म्हणाल्या, "आणि ती पेटी तरी कशी ठेवलीये! आत बाळाचा चांदीचा चमचा आहे, नुसता काळवंडलाय. आमच्याकडे असा चमचा कुणी लेकराच्या तोंडाला लावायचं नाही. मी चैत्रालीला म्हटलंसुद्धा, चिंचेनं घासून देते. तर म्हणाली, आई, प्लीज, कशालाही हात लावू नकोस."

"आणि तरीही तुम्ही चित्राला हात लावलात."

"लावला. आता काय फाशी देणार आहात? मी चैत्रालीला सांगितलंय, शनिवारचं तिकीट काढ. माझ्यामुळे तिच्या नोकरीवर यायला नको."

"काय म्हणाली ती?"

शरयूताईंनी पदर बोटाला गुंडाळला. "काढते म्हणाली."

नीलांबरीने पुढे विचारले नाही. तीट डाव्या गालावर होती. पेटी उघडी असताना तिच्यावर ओणवून, नेम धरून ज्या बाईने ठिपका लावला, तिला गाल आठवू नये? शिवाय आता आत आल्यावर त्या पेटीजवळ फिरकल्याही नव्हत्या. त्यांनी ठिपका पाहिलाच नव्हता. त्याच्याबद्दल फक्त ऐकले होते.

शरयूताई खोटे बोलत होत्या. आणि सांगलीची ही करारी बाई जगात एकाच माणसासाठी खोटे बोलली असती.

३

नीलांबरीने आणखी दोघांना गाठायचे ठरवले. त्या आठवड्यांत दालनात चैत्रालीखेरीज वरचेवर ये-जा होती ती त्यांचीच.

पहिली गिरिजा. नागपूरहून आलेली, विद्यापीठात पदार्थविज्ञानात संशोधन करणारी, आणि फावल्या वेळात चित्रांच्या नकला काढत बसणारी. तिची बोटे कायम कोळशाने काळी. ती केंद्राच्या कॅफेत सापडली.

"काकू, माझ्यावर डाउट घेऊन राहिले ना सगळे?" ती आल्या आल्याच म्हणाली. "परीक्षितदादा तर म्हणे, 'गिरिजा, तुझा हात चुकून लागला असेल यार.' अहो, काच मधे आहे! माझा हात काय काचेतून जाते का?"

"मी काहीच म्हटलं नाही. तुझी वही दाखव."

गिरिजाने चित्रवही काढली. पेंगलेल्या आईची नक्कल तिने तपकिरी कागदावरच केली होती, आणि ती फार मन लावून केली होती. आईचा रुमाल, खिडकीची चौकट, बाळाचा गाल.

"हे कधीचं?"

"ऑगस्टच्या शेवटी. दालन बंद व्हायच्या आधीचा वीकेंड. त्यानंतर मी इकडे फिरकलेच नाही, पीएचडीची प्रिलिम परीक्षा होती ना माझी."

"गालावर पांढरं दिलेलं नाहीस."

"नव्हतंच तिथे. ऑर्डिनरी ग्रे होतं. मला ऑड वाटलं होतं, बाकी भिंतीवरच्या चित्रांत उजेडाला इतका छान व्हाइट दिलाय, अन् नेमका इथे ग्रे? मी म्हटलं, असेल बुवा आर्टिस्टची मर्जी."

नीलांबरीने वही मागे चाळली. आधीच्या पानांवर लहान लहान उंदीर होते.

"हे काय?"

गिरिजा खळखळून हसली. "मंडळाची गणपती वर्कशॉप! इथेच मागच्या हॉलमध्ये झाली. परीक्षितदादानं ऑनलाइन माती मागवली, ती निघाली तेलाची मॉडेलिंग क्ले. पाण्यात विरघळतच नाही! शरयूमावशी म्हणाल्या, 'अरे, हा गणपती विसर्जनाला न्यायचा की म्युझियमला द्यायचा? हा प्रलयापर्यंत टिकेल.' दादाचं तोंड असं झालं होतं! मग न्यू जर्सीत एडिसनच्या एका दुकानातून घाईघाईनं शाडू मागवली, अन् पुढच्या शनिवारी पुन्हा वर्कशॉप. ही क्ले तर खोकीच्या खोकी उरली. निम्मी फोडलेली."

दुसरा परीक्षित. मंडळाचा सांस्कृतिक सचिव, एका आयटी कंपनीत व्यवस्थापक, मूळचा मुंबईचा. तो लॅपटॉप मिटत लगबगीने म्हणाला,

"काकू, मी सरळ सांगतो. मावशी सीनियर आहेत. झालं ते झालं. आपण सगळ्यांनी मिळून त्या गोऱ्या आजींना सॉरी म्हणू आणि मॅटर क्लोज करू. कम्युनिटीचं नाव खराब होतंय, आणि तोंडावर गणपती आलाय."

"तू फोन करून मावशींना काय विचारलंस?"

"एवढंच, की मावशी, चित्रातल्या बाळाला तीट लावली का तुम्ही? चैत्रालीनं मला फोटो पाठवला होता. तीट नाही तर काय आहे ते? बघताक्षणी कळतं!"

"आपल्याला कळतं," नीलांबरी म्हणाली. आणि हे वाक्य उच्चारताना तिच्या मनात काहीतरी अडखळले. "वर्कशॉपची उरलेली माती कुठे आहे?"

परीक्षितने घड्याळाकडे पाहिले. "संपली की. मुलांनी सगळी वापरली. काकू, माझी मीटिंग आहे, मला ड्रॉप व्हावं लागेल."

४

नीलांबरी गाडीत बसून राहिली. किल्ली फिरवली नाही.

आपल्याला कळतं. हो, पण आपल्यालाच. मिसेस मॉर्टेन्सनने हा ठिपका पाहिला असता तर ती म्हणाली असती, डाग पडला; कुणी बुरशी म्हटले असते, कुणी शाई. डाग म्हटले की माणूस विचारतो, कशाने पडला? तीट म्हटले की माणूस विचारतो, कोणी लावली? एका शब्दाने आपण सगळेच पहिल्या दोन प्रश्नांवरून उडी मारून तिसऱ्यावर गेलो. सांगलीचे, नागपूरचे, मुंबईचे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या तंत्रनिकेतनात शिकलेली नीलांबरी देवस्थळीसुद्धा.

ती परत दालनात गेली.

"चैत्राली, चित्र ताब्यात घेताना तू फोटो काढले असशील."

"प्रत्येकाचे. जवळून, कोपऱ्यांसकट."

"दाखव. आणि पेटी उघड. हात कुणीच लावायचा नाही."

पेटीला वरून उचलायचे काचेचे झाकण होते आणि त्याला कुलूप. आत दोन चित्रे: पेंगलेली आई, आणि पाठमोरी बसून दूध पाजणारी. मधे मखमलीवर बाळाच्या बारशाचा चांदीचा चमचा. नीलांबरीने खिशातले भिंग काढले.

एरंडेलाच्या काजळाचा ठिपका कागदावर पडला तर तेल पसरते. भोवती पिवळट कडे उमटते. इथे कडे नव्हते. बोटाने लावलेली तीट गोल असते. हा ठिपका गोल नव्हता, एका बाजूला निमुळता होता, बारीक कुंचला टेकवून उचलावा तसा. आणि तो किंचित उठावाचा होता. रंगाचा सुकलेला थर होता तो.

तिने फोटो शेजारी धरला. फोटोत त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच निमुळत्या टोकाचा ठिपका होता. पांढरा.

"चैत्राली, एक सांग. पांढऱ्यावर कुणी काळं लावलं असतं, तर खालचं पांढरं कुठेतरी डोकावलं असतं. कडेला, एखाद्या केसाएवढं तरी. ते कुठे गेलं?"

चैत्राली वाकून बघत राहिली. "नाहीच आहे."

"कुणी काळं लावलंच नाही. पांढरंच काळं झालंय. आता आईच्या रुमालाची कड बघ."

रुमालाच्या कडेवरचे पांढरे स्पर्श राख फासल्यासारखे करडे पडले होते. विणकामाच्या सुईवरची चमकही. ते आधीच उजळ नव्हते, म्हणून कुणाच्या नजरेत आले नाहीत. गालावरचा स्पर्श सर्वांत जाड, म्हणून तोच डोळ्यांत भरला.

"पण भिंतीवरच्या चित्रांतलं पांढरं तसंच आहे!" चैत्राली वळून म्हणाली.

"ती भिंतीवर आहेत. हे पेटीत आहे. त्या पाठमोऱ्या आईच्या चित्रात पांढरा रंग नाही, नुसती पेन्सिल; त्याला काही झालं नाही. आणि आता चमचा बघ. फोटोतला, आणि हा."

फोटोतला चमचा लखलखीत होता. मखमलीवरचा चमचा जांभळट काळा पडला होता.

"आई म्हणाली होती," चैत्राली पुटपुटली. "मला वाटलं, ती नेहमीसारखी खोड काढतेय."

"फ्लोरिडात मी एकदा एक घर तपासलं होतं. घरातली चांदी काळी पडायची, विजेच्या तांब्याच्या तारासुद्धा. बायको म्हणे मोलकरीण चांदी बदलते, नवरा म्हणे शेजारी तारा जाळतो. नव्या भिंतींच्या फळ्यांतून गंधकाची वाफ येत होती. चांदीला ती काळं करते. आणि जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग शिशाचा असायचा, त्यालाही." नीलांबरी सरळ उभी राहिली. "डॉक्टर म्हणाले ते शिसं होतं खरं, पण काजळात नव्हतं. प्रश्न एवढाच की या पेटीत गंधक आलं कुठून? आत तर काहीच नाही."

तिने वाकून पेटीच्या बैठकीकडे पाहिले. बैठक म्हणजे लाकडी कपाट होते. दिव्याची तार मखमलीखालच्या भोकातून त्या कपाटात उतरत होती.

"यात काय आहे?"

"काही नाही. रिकामं आहे. मी मंडळाला स्पष्ट सांगितलंय, मागचा हॉल वापरा, गॅलरीत एकही वस्तू ठेवायची नाही."

"किल्ली?"

"माझ्याकडे एक," चैत्राली म्हणाली आणि तिचा आवाज बारीक झाला, "आणि हॉलच्या जुडग्यात एक. ते जुडगं परीक्षितकडे असतं."

कपाटाचे दार उघडले. आतून जुन्या रबरासारखा, आगपेटीसारखा उग्र दर्प आला. खालपासून वरपर्यंत मातीची खोकी रचलेली होती. निम्मी फोडलेली.

५

शुक्रवारी मिसेस इंगेर मॉर्टेन्सन काठी टेकत आल्या. दालनात चैत्राली होती, गिरिजा होती, आणि भिंतीला पाठ लावून परीक्षित उभा होता. शरयूताईंना नीलांबरीने जवळजवळ ओढून आणले होते.

नीलांबरीने सारे इंग्रजीत, सावकाश, क्रमाने मांडले. काही ब्रँडच्या तेलाच्या मातीत गंधक असते. खोकी फोडलेली, कपाट बंद, वर पेटीत दिव्याची ऊब, आणि मधे तारेसाठी ठेवलेले भोक. महिनाभर ती वाफ वर चढत राहिली. ठिपका त्या बंद आठवड्यात उमटला, असे सर्वांनी धरून चालले होते, कारण त्यानंतर तो दिसला. पण गिरिजाने त्याआधीच्या शनिवारी-रविवारी केलेल्या नकलेत गाल करडा होता. रंग तेव्हाच अर्ध्या वाटेवर आला होता. म्हणजे एका क्षणात, एका हाताने झालेली ही गोष्टच नव्हे.

"मिनीॲपोलिसच्या कागद-संवर्धकांशी मी बोलले," ती म्हणाली. "फोटो पाहून त्या म्हणाल्या की असा काळवंडलेला रंग बहुतेक वेळा पुन्हा पांढरा करता येतो. चित्र पाहिल्याखेरीज त्या शब्द देणार नाहीत."

परीक्षित पुढे आला. "माती मी ठेवली. चुकीची मागवली होती, रिटर्न होत नव्हती, घरी नेली असती तर बायको वर्षभर बोलली असती. चैत्रालीनं नाही म्हटलं होतं म्हणून गुपचूप कपाटात ठेवली. हॉल काढून घेतील अशी भीती वाटली." तो शरयूताईंकडे वळून मराठीत म्हणाला, "मावशी, गणपतीशपथ सांगतो, या दोन गोष्टींचा संबंध असेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मलाही ती तीटच वाटली."

"अन् डाउट माझ्यावर," गिरिजा म्हणाली.

मिसेस मॉर्टेन्सन बराच वेळ चित्राकडे पाहत होत्या. मग त्यांनी विचारले, "हा जो शब्द तुम्ही सगळे वापरता आहात, तो काय आहे?"

शरयूताईंनीच सांगितले आणि गिरिजाने ते इंग्रजीत उतरवले: बाळ फार सुंदर असले की लोकांची नजर लागते. म्हणून आई स्वतःच त्याच्या गालावर एक छोटा दोष ठेवते.

"आमच्यात हे कुणी केलं नाही," मिसेस मॉर्टेन्सन म्हणाल्या. "तरी ही पोर नव्वदीला पोहोचली, आणि शेवटपर्यंत सगळ्यांवर हुकूम गाजवत होती." त्या हसल्या. "चित्र संवर्धकांकडे जाऊ दे. बाकीची इथेच राहू देत. आणि ती माती, तरुण माणसा, आज बाहेर काढ."

परीक्षितने खोकी उचलायला सुरुवातही केली. एवढ्यावर खरे तर सारे मिटले होते. पण नीलांबरीचा एक प्रश्न अजून शिल्लक होता, आणि तो चित्राचा नव्हता.

६

बाकीचे गेल्यावर तिने तो दालनातच विचारला.

"शरयूताई, तुम्ही तीट लावली नाहीत. डावा-उजवा गालही तुम्हाला ठाऊक नव्हता. मग 'मी लावली' का म्हणालात?"

चैत्राली आईकडे बघत होती.

"आई?"

"दिवा बदलायच्या दिवशी," शरयूताई म्हणाल्या, "मी अनयाला घेऊन आले. तू तिची तीट पाहिलीस, चिडलीस, आणि अंगठ्यानं खसाखसा पुसलीस. मग तशीच जाऊन पेटीत हात घातलास, चित्र सरळ करायला. अंगठा काळा होता तुझा. मी बघत होते."

चैत्रालीने नकळत स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले.

"परीक्षितचा फोन आला तेव्हा मला वाटलं, झालं! माझं काजळ आणि हिचा अंगठा. तीन-तीन तास झोपून ही बाई नोकरी करतेय, हिला आठवणारसुद्धा नाही. म्हटलं, म्हातारीला काय, नाव घेतील आणि विसरतील. मी सांगलीला निघून गेले की विषय संपला."

"आणि मी मान्य केलं," चैत्राली म्हणाली. "एकदाही विचारलं नाही तुला. आई, मी तिकीट काढलं!"

"हो. काढलंस." शरयूताईंनी लेकीकडे पाहिले. "ते मला लागलं बघ. मी म्हटलं मी केलं, आणि तू लगेच खरं मानलंस. तुझ्या आईला एवढीही अक्कल नाही, की दुसऱ्याच्या चित्राला बोट लावू नये? शाळेत चित्रकला शिकवली मी बावीस वर्षं."

भिंतीवरच्या आया आपापल्या कामात मान खाली घालून होत्या.

"तू पण मानलंसच की," चैत्राली डोळे पुसत म्हणाली. "की मी इतकी निष्काळजी आहे, कागदाला काळा अंगठा लावेन. मी हातमोजे घातले होते, आई. पेटीत हात घालायच्या आधी मी नेहमी घालते. तू अंगठा बघितलास, मोजे बघितलेच नाहीस."

शरयूताई चमकल्या. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "पांढरे?"

"निळे. गडद निळे."

"मला वाटलं, हात काळा झालाय सगळा."

दोघी एकदम हसू लागल्या आणि तितक्याच एकदम रडू लागल्या. गाडीतली अनया दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरले. दोघींनी एकाच वेळी हात पुढे केले. मग शरयूताईंनी आपले हात मागे घेतले आणि लेकीला पुढे होऊ दिले.

नीलांबरीने पर्स उचलली. ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून चैत्रालीचा आवाज आला.

"आई, उद्याचं तिकीट मी कॅन्सल करते. कधीचं काढू?"

"आता तू काढू नकोस," शरयूताई म्हणाल्या. "मला जावंसं वाटेल तेव्हा मी सांगीन."